फ्लेक्सवरची बी.कॉम.

विद्यापीठाने मला पदवी दिली, त्याच्या वर्षभर आधी ती आमच्या फाट्याने दिली होती. डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावाचा रस्ता जिथे मिळतो, तिथे एक लोखंडी सांगाडा उभा आहे. एसटीची वाट बघणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून तो उभारला होता म्हणे. सावलीचा पत्रा काही बसला नाही, पण सांगाड्यावर वर्षभर कुणाचं ना कुणाचं अभिनंदन चालू असतं. एसटी येवो न येवो, अभिनंदन वेळेवर येतं.

माझे धाकटे चुलते ग्रामपंचायतीला उभे राहणार होते. ते मला कळायला लागल्यापासून उभे राहणार आहेत. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापताना घोडेगावच्या छपाईवाल्याकडे एक तुकडा उरला आणि तो फुकट जाऊ नये म्हणून चुलत्यांनी त्यावर मला छापून घेतलं. माझा शेवटच्या वर्षाचा निकाल तेव्हा लागायचा होता. पण चुलत्यांच्या मते ती किरकोळ बाब होती.

"पोरगी हुशार हाय," ते म्हणाले. "नापास व्हायला तिला काय धाड भरलीय?"

फोटो कुठल्याशा लग्नातला होता. मूळ फोटोत माझ्या हातात जेवणाचं ताट होतं. छपाईवाल्याने ताट कापलं आणि हात तसाच ठेवला, त्यामुळे मी येणाऱ्याजाणाऱ्याकडे काहीतरी मागतेय असं दिसत होतं. त्याखाली लाल अक्षरांत, 'बी.कॉम. परीक्षेत विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि त्याखाली पांढऱ्या शर्टातले अकरा शुभेच्छुक, सगळे गॉगल लावून, दोघे कानाला फोन लावून. त्यात चुलत्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. परीक्षा कुणी दिली याबद्दल परक्या माणसाचा गोंधळ व्हावा अशीच सगळी मांडणी होती.

निकालाच्या दिवशी मी पाण्याच्या टाकीवर चढले, कारण आमच्या गावात रेंज तिथेच येते. सगळे विषय सुटले होते. एक सोडून. व्यवसाय कायदा, शंभरपैकी एकतीस. पास व्हायला चाळीस लागतात. मी तीनदा पान उघडून पाहिलं. विद्यापीठाचं संकेतस्थळ एरवी दिवसदिवस उघडत नाही, त्या दिवशी मात्र दर वेळी पटकन उघडून एकतीसच दाखवत होतं.

खाली उतरून घरी आले तर अंगण भरलेलं. चुलते, त्यांचे चारसहा शुभेच्छुक, आई, चुलती. आणि मधोमध आबा, म्हणजे माझे वडील, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

"लागला का निकाल?" आबांनी विचारलं.

"लागला," मी म्हणाले. ते खरंच होतं.

पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. चुलत्यांनी एक क्षण वाट पाहिली आणि स्वतःच जाहीर करून टाकलं, "नापास असती तर रडत आली असती. बोलत न्हाई म्हंजी पास! चला रं, बोर्ड टांगा." सगळे फाट्याकडे निघाले. आबांनी पहिला पेढा माझ्या तोंडात भरवला. तोंडात पेढा असताना माणसाला बोलता येत नाही, ही सबब मी पुढे वर्षभर स्वतःला देत राहिले.

आबांबद्दल सांगायला हवं. ते गाईंच्या सौद्यातले मध्यस्थ. आळेफाट्याच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, तो. या धंद्यातल्या लोकांबद्दल गावोगाव काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे आणि बरंचसं खरंही आहे. पण आबांची एक सवय होती. गाईची खोड ते आधी सांगायचे. लाथ मारते, एक सड बंद आहे, पान्हा चोरते, जे असेल ते. घेणाऱ्याने विचारलं नाही तरी सांगायचे. त्यामुळे त्यांचे निम्मे सौदे तिथल्या तिथे मोडायचे, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी लोक लांबून त्यांना शोधत यायचे. अशा माणसाच्या घरात मी खोड लपवून उभी होते, आणि ती खोड फाट्यावर लाल अक्षरांत टांगलेली होती.

महिनाभरात मी घोडेगावला एका कापड दुकानात कामाला लागले. दुकानाचे शेठजी जैन. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते, पण शेठजींचं मराठी आमच्या चुलत्यांपेक्षा शुद्ध. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, पदवी पूर्ण झाली का?" मी ताबडतोब म्हणाले, "नाही. कायद्याचा विषय राहिलाय." इतकं सोपं होतं ते. परक्या माणसाला सांगायला मला एक श्वासही थांबावं लागलं नाही. शेठजींनी मान डोलावली, "मग तो काढा आधी," म्हणाले आणि मला परकराच्या कपाटापाशी उभं केलं.

शेठजींची सून बी.कॉम. होती. तिने तिचं जुनं गाइड दिलं. कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलं होतं तेही गाइडच, पण ते फक्त वाचून दाखवायचे आणि प्रत्येक पानावर "हे महत्त्वाचं, खूण करा" म्हणायचे. वर्ष संपलं तेव्हा माझ्या पुस्तकात खूण नसलेली एकच गोष्ट उरली होती, किंमत. सुनेच्या गाइडमध्ये खुणा कमी होत्या. ती पास झाली होती, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

व्यवसाय कायद्याच्या गाइडमध्ये दोनच माणसं राहतात, 'अ' आणि 'ब'. अ कायम ब ला काहीतरी विकत असतो. कधी तांदूळ, कधी घर, कधी घोडा. घोडे तर इतके, की या देशात कायदा झाला तेव्हा लोक दुसरं काही विकतच नव्हते की काय असं वाटावं. अ आणि ब यांचं इतक्या वेळा बिनसतं, तरी पुढच्या पानावर ते पुन्हा सौदा करायला हजर. यांना घरचं कुणी समजावत कसं नाही, असं मला वाटायचं.

बाकी दुकानात अभ्यास बरा व्हायचा. काचेत टांगलेली साडी हा प्रस्ताव नसतो, ते प्रस्ताव करण्याचं निमंत्रण असतं, हे मी शिकले, आणि त्याच दुपारी एका बाईंनी काचेतल्या साडीवरची किंमत दाखवून शेठजींशी अर्धा तास हुज्जत घातली. मला कलम सांगायचा फार मोह झाला. शेठजींनी डोळ्यांनीच गप्प केलं. करार वैध व्हायला संमती मुक्त हवी, आणि ती बिघडवणाऱ्या गोष्टी पाच: जबरदस्ती, अनुचित प्रभाव, कपट, मिथ्या निवेदन आणि चूक. ही यादी मला एका वाचनात पाठ झाली. आमच्या नात्यातली लग्नं आठवली की पुरे, एकेका लग्नात पाचही सापडतात.

शेठजींच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण, म्हणून दुकानही लवकर बंद व्हायचं. ते माझ्या पथ्यावर पडायचं. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी पोचणं हा एकच नियम आबालवृद्ध न चुकता पाळतात. गाइडला मी साडीच्या खोक्याचं वेष्टण घातलं होतं. आईला वाटायचं मी साड्यांचं काहीतरी वाचते. मी तिला तसं वाटू दिलं. एव्हाना मला त्याचं वळण पडलं होतं.

गणपती झाल्यावर एके दिवशी कामावर जाताना पाहिलं तर सांगाड्यावर मी नव्हते. तिथे कुणा बाळाचा पहिला वाढदिवस होता. संध्याकाळी घरी आले तर फ्लेक्स आमच्या वैरणीच्या गंजीवर अंथरलेला. छापील बाजू खाली, पांढरी बाजू वर, चारी कोपऱ्यांना दगड.

"वाऱ्यानं फाटाया लागला व्हता," आबा म्हणाले. "पाऊस हाय अजून. वैरण तरी वाचंल."

मला इतकं हलकं वाटलं की विचारायचं सोडाच, गंजीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. फ्लेक्स कुठे फाटलेला दिसत नव्हता, हे डोळ्यांना दिसत होतं आणि मला बघायचं नव्हतं. आमच्याकडे सगळेच फ्लेक्स शेवटी गंजीवर जातात. कित्येक पुढारी आमच्या शिवारात कडब्यावर पालथे पडलेत. त्यात आणखी एक मी.

हिवाळ्यात दुसरा प्रयत्न. राहिलेल्यांचं केंद्र जुन्नरला आलं होतं. आता जुन्नरला दिवसभर जायचं तर घरी सांगायचं काय? मी सांगितलं, लेण्याद्रीला जाते, गणपतीच्या दर्शनाला. आई खूश झाली. आबांनी एक नारळ आणून हातात दिला. "माझ्याकून बी वाढव," म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

डिंभ्याकडून येणारी एसटी त्या दिवशी आली नाही. तिचं हे वागणं आमच्या गावाला नवीन नाही, गाइडमध्ये मात्र त्याला 'कराराची पूर्तता अशक्य होणे' असं भारदस्त नाव आहे. जीप बदलत बदलत मी केंद्रावर पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. पर्यवेक्षक बाईंनी पिशवी बाहेर ठेवायला सांगितली, त्यातून नारळ गडगडत वर्गाच्या मध्यापर्यंत गेला. सगळ्यांनी मान वर केली. "देवाचं काम आहे का आमचं?" बाईंनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही, पुढच्या अडीच तासांत तर अजिबातच नाही.

पेपरानंतर मी लेण्याद्रीला गेले. सगळ्या पायऱ्या चढून, धापा टाकत. नारळ वाढवला, प्रसाद घेतला. निदान एवढं तरी खोटं राहू नये म्हणून. गणपतीने माझी बाजू ऐकून घेतली असेल, पण गुण दिले ते विद्यापीठाने. छत्तीस.

मग सूचना आली. आमचा जुना पॅटर्न बंद होणार, राहिलेल्यांना उन्हाळ्यात शेवटची संधी, त्यानंतर नव्याने प्रवेश घेऊन नवे विषय द्यावे लागतील. म्हणजे हा एक विषय सुटला नाही तर तीन वर्षांतले बाकीचे सगळे सुटलेले विषयही पाण्यात. टाकीवर उभं राहून मी ती सूचना वाचली आणि पहिल्यांदा खरी घाबरले. त्यात घरात एक स्थळ आलेलं, आणि चुलत्यांनी माझ्या माहितीच्या कागदावर सुरुवातीलाच लिहिलेलं: शिक्षण बी.कॉम. खाली पुन्हा विशेष प्रावीण्य. माणसाला प्रावीण्याचं व्यसन लागतं ते असं.

रविवारी दुकान बंद असायचं. पेपर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी. उन्हं चढली होती आणि मी गोठ्यात गव्हाणीच्या कट्ट्यावर बसून कलम सतरा घोकत होते. घरातल्यापेक्षा गोठ्यात थंड असतं आणि गाई प्रश्न विचारत नाहीत. आबा एका नव्या गाईचे खूर बघत होते. दुसऱ्या दिवशी तिला आळेफाट्याला न्यायचं होतं. त्यांचं लक्ष नाही असं समजून मी जरा मोठ्याने वाचत होते.

"काय वाचती?" खाली वाकलेले असतानाच त्यांनी विचारलं.

"असंच. एका परीक्षेचं हाय."

"वाच की मग. मला बी कळू दे."

नाही कसं म्हणणार? मी वाचलं. गप्प राहणं म्हणजे कपट का, असा प्रश्न होता. गाइडचं म्हणणं, एरवी नाही. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला माहीत आहे. अ काहीच बोलत नाही. हे कपट नाही.

आबांनी खूर खाली सोडला आणि सरळ उभे राहिले.

"कपट न्हाई? खोड ठावं असून सांगितली न्हाई, आन् कपट न्हाई? कुणी लिवलंय हे?"

"कायदा हाय आबा."

"असंल. कायद्याला कवा बाजारात जाया लागत न्हाई. आमाला दर आठवड्याला त्याच लोकांत जायाचं असतंय." त्यांना खरोखरच राग आला होता. त्यांनी गाईच्या पाठीवर थाप मारली. "ही बघ. लई गुणाची, पर डाव्या अंगानं पिळाया बसलं की लाथ घालती. उद्या इकताना हेच पयलं सांगणार. पुढं काय लिवलंय?"

पुढे काय आहे ते मला माहीत होतं. मी पान उलटायच्या बेतात होते, पण ते बघत होते. मग वाचलं. ब ही अ ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. अशा वेळी त्यांच्या नात्यामुळेच अ ने खोड सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. तिथे गप्प राहिला तर ते कपट.

आबा बादलीकडे वळले. हात आत घातले, सावकाश धुतले, उपरण्याला पुसले.

"बापानं पोरीला सांगितलं पायजे," ते म्हणाले. "बराबर हाय. आन् पोरीनं बापाला?"

गाय रवंथ करत होती. मी पुन्हा पानावर पाहिलं.

"तसं उदाहरण न्हाई ह्यात," मी म्हणाले.

"मंग पुस्तक अर्धंच हाय," असं म्हणून ते बाहेर गेले.

मी तिथेच बसून राहिले. उठावं, मागे जावं आणि सांगून टाकावं, असं सारखं वाटत होतं. उठले नाही. आदल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी नापास झाले तर, असा हिशेबी विचार मी केला आणि त्याचीही मला लाज वाटली. संध्याकाळी आईला म्हणाले, उद्या लेण्याद्रीला जाऊन येते. आतून आबांचा आवाज आला, "म्या सोडतो. पिकअप चाललीच हाय."

आळेफाट्याला जायचं तर घोडेगावहून मंचर, नारायणगाव असा सरळ रस्ता आहे. जुन्नर म्हणजे वाट वाकडी करणं. मागे गाय उभी, पुढे आम्ही दोघं. माझ्या पिशवीत गाइड, प्रवेशपत्र आणि वर दिसेल असा नारळ. या वेळी मीच विकत घेतलेला. खोटेपणातही माणूस अनुभवाने शहाणा होतो.

जुन्नर आलं. लेण्याद्रीकडे जाणारा रस्ता आला आणि मागे पडला. पिकअप सरळ गावात शिरली, दोन वळणं घेतली आणि कॉलेजच्या फाटकासमोर थांबली.

"उतर," आबा म्हणाले. "अकराचा पेपर हाय न्हवं?"

मी विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"गणपती झाल्याव गेलतो तुज्या कालिजात. दाखला आणाया." ते समोर काचेतून बघत होते. "फरेम करून लावावा म्हनलं, दारावर. कारकून म्हनला, पोरीचा एक इषय राह्यलाय, दाखला कसला मागता? मंग पेपरच्या तारखा बी त्यालाच इचारीत गेलो."

माझे वडील, सातवी शिकलेले, बाजाराचे कपडे बदलून, माझ्या पदवीचा कागद मागायला एका खिडकीपाशी उभे राहिले होते. कारकुनाने तो सगळा प्रकार किती जणांच्या देखत सांगितला असेल, ते मी आजही विचारलेलं नाही. फ्लेक्स का उतरला आणि पालथा का अंथरला, ते मला त्या गाडीत कळलं. मी रडायला लागले. पेपरला पंधरा मिनिटं होती.

"मंग तुमी बोलला का न्हाई?"

"तू बोलशील म्हनून थांबलो," ते म्हणाले. "लई दिस थांबलो बग."

"चुकलं माजं, आबा."

"हां. जा आता. या टायमाला येळेत आनलंय तुला, यष्टीचं नाव सांगू नगंस." मागून गाय हंबरली. त्यांनी माझ्या पिशवीतला नारळ काढून घेतला. "ह्यो मी वाढवतो. तू लिही."

पेपरात तिसरा प्रश्न होता: मौन हे कपट ठरते का? सोदाहरण स्पष्ट करा. मी घोडा लिहिला, लिलाव लिहिला, सज्ञान मुलगी लिहिली. अजून वेळ होता. मग एक गाय लिहिली, जी डाव्या अंगाने पिळायला बसलं की लाथ मारते, आणि एक माणूस लिहिला, जो ते कुणी न विचारता सांगतो. शेवटी लिहिलं की कायद्याने ज्याला बोलणं बंधनकारक नाही, तोही बोलला नाही तर कुणाचं तरी नुकसान होतंच. तपासणाऱ्याने या वाक्याला गुण दिले की कापले, मला माहीत नाही. गाइडमध्ये ते नव्हतं, एवढं नक्की.

घरी आल्यावर त्याच दिवशी मी आईला सांगितलं. मग चुलत्यांना. चुलत्यांना धक्का बसला तो माझ्या नापास होण्याचा नव्हता, वर्षभर आपल्याला कुणी सांगितलं नाही याचा होता. स्थळाकडच्यांना आबांनी स्वतः फोन करून सांगितलं: पोरीचा एक विषय राहिलाय, निकाल लागायचाय, लागला की कळवतो. स्थळ पुन्हा काही बोललं नाही. आबांचा आणखी एक सौदा खोड सांगितल्यामुळे मोडला, आणि त्याचं दुःख घरात एकट्या चुलत्यांना झालं.

निकाल लागला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. टाकीवर छत्री धरून मी पान उघडलं. त्रेचाळीस. खाली उतरले ती धावतच. आबा गोठ्यात होते. दारातूनच ओरडले, "आबा, सुटला! त्रेचाळीस पडले!" पेढा कुणाच्याच हातात नव्हता, त्यामुळे बोलायला अडचण काहीच नव्हती.

आबांनी हातातलं काम टाकलं. बाहेर जाऊन त्यांनी गंजीवरचे दगड काढले आणि फ्लेक्स ओढून घेतला. वैरणीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद त्यांनी आधीच आणून ठेवलेला होता. गोठ्याच्या रस्त्याकडच्या अंगाने पावसाची झड आत यायची, तिथे आम्ही दोघांनी फ्लेक्स बांधला. छापील बाजू बाहेर. गणपतीपासून ऊन न लागल्यामुळे रंग अगदी ताजे होते. मी येणाऱ्याजाणाऱ्याकडे हात पुढे करून पुन्हा उभी राहिले, खाली अकरा शुभेच्छुक.

चुलते छत्री घेऊन बघायला आले. "अरं, नवा छापू की झकास! ह्यो कशाला जुना?"

"ह्योच बरा हाय," आबा म्हणाले. "यवढा खर्च केलाय तर खरा व्हऊ दे."

मी फ्लेक्सकडे बघत होते. मग म्हणाले, "आबा, त्यात 'विशेष प्रावीण्याने' लिहिलंय. त्रेचाळीसला प्रावीण्य न्हाई म्हनत. ते खोटं हाय."

आबांनी फ्लेक्स वाचला. एकेक अक्षर, ओठ हलवत. मग आत गेले, मूठभर शेण घेऊन आले आणि 'विशेष प्रावीण्याने' या दोन शब्दांवर, कडेची अक्षरं सांभाळून, नीट सारवलं. दोन पावलं मागे सरून डोकं तिरकं करून पाहिलं. बाजारात गाय उभी केल्यावर बघतात तसं.

"आता वाच," ते म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं. बी.कॉम. परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

"आता कुनी बी इचारू दे," आबा म्हणाले, आणि हात धुवायला गेले.